ऊसतोडीच्या मोसमात गावात मागे राहिलेल्यांसाठी सामूहिक गायन: पट्टी, वेळ आणि काळजी

बालाघाट_पायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणी पट्ट्यातल्या एका गावासाठी विचारतोय. दिवाळी झाली की तरणी माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडं जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधल्या काळात गावात उरतात ते साठीपुढचे आजी-आजोबा, त्यांच्यावर सोडलेली शाळकरी पोरं आणि थोड्या लेकुरवाळ्या बाया. एकटेपणा, झोप न लागणं, जेवणावर वासना नसणं या तक्रारी उपकेंद्रात याच महिन्यांत वाढतात. गोळ्या-औषधांसोबत आठवड्याला एक-दोनदा सगळ्यांनी मिळून गाण्याचा उपक्रम करायचा आहे. उपकेंद्राच्या ताई आणि आशाताई दोघी तयार आहेत.

भजनी मंडळ आहे, पण आठ-दहा गड्यांचं. ते काळी चार-पाचला (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, म्हणजे उंच) गातात आणि बाकी गाव ऐकतं. आम्हाला 25-30 माणसं हवीत आणि सगळ्यांनी गायला हवं. पट्टी कोणती धरावी? किती वेळ घ्यावा? वाचता न येणाऱ्यांना शिकवायचं कसं? बीपी, दमा, जुना खोकला असलेल्यांचं काय? गावाला लागून तांडा आहे, बौद्ध वस्ती आहे, मुसलमानांची घरं आहेत, मग गाणी कुठली घ्यावीत? आणि ग्रामपंचायत विचारणार की फायदा काय झाला, तर तो दाखवायचा कसा?

काळी_दोन

दादा, आधी पट्टीचं बघा, बाकी सगळं तिच्यावर आहे. काळी चार-पाच ही तयार गळ्याच्या, मधल्या वयाच्या गड्यांची पट्टी. साठीनंतर बहुतेक बायांचा आवाज खाली उतरतो आणि गड्यांचा वर जाताना फाटतो. म्हणून सा काळी एक किंवा काळी दोनवर धरा, आणि चाल अशी निवडा की ती सा ते प या पाच सुरांत बसेल, फार तर खाली नी आणि वर ध. मग बाया मधल्या सप्तकात आणि गडी त्याच्या खालच्या सप्तकात आपसूक गातात, कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. एखाद्या अभंगाचं कडवं वरच्या सापर्यंत जात असेल तर कडवं एकट्यानं म्हणावं, धृपद सगळ्यांनी. आपल्याकडची झील धरायची पद्धत याच कामाची आहे.

हमखास बिघडतं ते असं: बारी रंगली की पेटीवाला एखादी पट्टी वर सरकतो, लयही चढते, टाळ दाबून वाजायला लागतात. सगळ्यात आधी गप्प होतात ती म्हातारी माणसं. ती उठून जात नाहीत, ओठ हलवत बसून राहतात, म्हणून बाहेरच्याला कळत नाही. सा ज्या पट्टीवर आहे तिच्यावर लाल टिकली चिकटवा आणि तासभर तिथून हलू नका. मधे एकदा पेटी, टाळ, पखवाज सगळं थांबवून धृपद नुसत्या गळ्यानं म्हणायला लावा. आवाज एकदम पडला तर समजा, अर्धी मंडळी गातच नव्हती.

लय श्वासाच्या हिशेबानं धरावी. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचा असतो, नवख्यांना तिथून सुरुवात करून द्या. एक चरण आठ मात्रांच्या (ठोक्यांच्या) भजनी ठेक्यात बसवा, त्यातल्या सहा मात्रा गाणं आणि दोन मात्रा श्वास. मिनिटाला 72 मात्रांची लय असेल तर एक आवर्तन पावणेसात सेकंदांच्या आसपास जातं, म्हणजे मिनिटाला नऊ श्वास. सवय झाली की 16 मात्रांच्या ओळीवर या. मिनिटाला 96 मात्रा धरल्या तर ओळ बरोबर 10 सेकंदांची होते: 12-13 मात्रा गाणं, 3-4 मात्रा श्वास, मिनिटाला सहा श्वास. हे आकडे फोनमधल्या फुकटच्या मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या ॲपवर) लावून पेटीवाल्यानं आणि पखवाजवाल्यानं घरीच घटवून यावं. गाताना मेट्रोनोम नको.

मोठ्या अभंगाचे चरण 6-6-6-4 अक्षरांचे. दुसरा आणि तिसरा चरण यमकानं बांधलेले असतात. पहिल्या दोन चरणांची 12 अक्षरं एका दमात, मग श्वास, मग उरलेली 10. ही श्वासाची जागा पहिल्याच दिवशी ठरवून सगळ्यांना हातानं दाखवायची. ती ठरली नाही की जो तो आपल्या सोयीनं चरणाच्या मधेच दम घेतो, अर्थ तुटतो आणि ओळ रेंगाळत जाते. ज्यांचा दम पुरत नाही त्यांनी शेवटची दोन अक्षरं सोडून द्यावीत आणि पुढची ओळ सगळ्यांबरोबर उचलावी. शेवट ओढून पूर्ण करायचा हट्ट केला तर पुढचा श्वास घाईचा होतो आणि तिथूनच दम लागतो.

तासाची आखणी सांगतो. पहिली दहा मिनिटं गळा मोकळा करायला. बसल्या जागी खांदे वर-खाली, मान हळूहळू दोन्ही बाजूंना. मग ओठ मिटून गुणगुणणं, सा वरून प पर्यंत आणि परत, पाच-सहा वेळा. मग लहान पोरं गाडीचा आवाज काढतात तसे ओठ फुरफुरवत तेच सूर. ज्यांचा घसा लवकर बसतो त्यांना अर्धा पेला पाण्यात नळी दोनेक सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायला सांगा, मिनिटभर पुरे. नळीमुळं आतून थोडा उलटा दाब मिळतो आणि गळ्यातल्या स्वरपट्ट्या एकमेकींवर जोरानं आपटत नाहीत. पेला आणि नळी ज्याची त्याची, एकमेकांची वापरायची नाही.

मग दहा मिनिटं सगळ्यांना येणारं एखादं गाणं, पंधरा मिनिटं नवीन ओळी, पंधरा मिनिटं ठरलेली गाणी सलग, आणि शेवटची दहा मिनिटं चहा. चहाची दहा मिनिटं कापू नका. गाऊन झाल्यावर माणसं जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत, आणि कोण आलं नाही याची चौकशी तिथंच होते.

शिकवताना कागद बाजूला ठेवा. एका बैठकीत नवीन ओळी चारच. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा: आधी चौथी, मग तिसरी-चौथी, मग दुसरी-तिसरी-चौथी. असं केलं की माणूस प्रत्येक वेळी अनोळखी ओळीकडून पाठ झालेल्या ओळीकडं येतो आणि गाणं शेवटी कोसळत नाही. पहिल्या ओळीपासून शिकवलं तर धृपद घोटून होतं आणि शेवटचं कडवं कुणालाच येत नाही. विसरायचा त्रास असलेल्यांना फक्त धृपद द्या, तेवढ्यातही ते पूर्ण बैठकीत सामील असतात.

बसायची पद्धत: गोल करा, मंच नको. मऊ आवाजाच्या माणसाला दोन खणखणीत आवाजांच्या मधे बसवा, ऐकू कमी येणाऱ्याला पेटीच्या जवळ. पोक काढून मांडी घातली की पोट दबतं आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच राहतो, म्हणून घोंगडी किंवा वाकळ दुमडून चार बोटं उंच बैठक करा. गुडघे दुखणाऱ्यांना पाराच्या कडेवर किंवा खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. टाळाची एकच जोडी, तीही दबकी. पत्र्याच्या शेडमध्ये दहा टाळ वाजले की पेटी कुणालाच ऐकू येत नाही आणि सूर सुटतो. माईक, साउंड काहीही नको. माईक आला की एकजण गातो आणि बाकीचे श्रोते होतात.

उपकेंद्र_ते_पार

‘काळी_दोन’ यांनी मिनिटाला सहा श्वासांचं सांगितलं, त्यामागं आधार आहे. लुचियानो बर्नार्दी यांच्या गटाचं संशोधन 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. 23 निरोगी माणसांना एकदा जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे ॐ’ म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया जास्त चांगली चालली. शब्द कुठल्या धर्माचे यानं फरक पडला नाही, लांबीनं पडला. आपल्या ओव्या-अभंगांच्या ओळीही साधारण तेवढ्याच लांबीवर बसवता येतात. पण कुणाच्याही बीपीची गोळी यामुळं बंद होत नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. ‘भजनानं बीपी गेला’ असं गावात पसरलं की लोक गोळ्या सोडतात आणि मग लकव्याचा पेशंट येतो.

उदासी आणि एकटेपणाबद्दल पुरावा जास्त ठोस आहे. इंग्लंडात केंट परगण्यात साठीपुढच्या 258 जणांवर अभ्यास झाला, 2015 मध्ये छापला. अर्ध्यांना 14 आठवडे गाण्याच्या गटात घातलं, बाकीच्यांचं नेहमीचं आयुष्य चालू ठेवलं. तीन महिन्यांच्या मोजणीत गाणाऱ्यांची चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी होती. सॅन फ्रान्सिस्कोत 12 ज्येष्ठ केंद्रांमधल्या 390 जणांचा अभ्यास 2018 मध्ये आला. तिथं सहा महिन्यांत एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला, पण स्मरणशक्ती आणि पायांच्या ताकदीत फरक दिसला नाही. तेव्हा ग्रामपंचायतीला काय कबूल करायचं ते यावरून ठरवा. एकटेपणा, मन, झोपेची तक्रार याबद्दल बोला. गुडघे, साखर, स्मरणशक्ती यांचं वचन देऊ नका.

लेकुरवाळ्या बायांना नक्की बोलवा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर इंग्लंडात 134 मातांचा अभ्यास 2018 मध्ये आला. बाळाला घेऊन 10 आठवडे गाणाऱ्या मातांपैकी ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांची लक्षणं इतरांपेक्षा लवकर उतरली. या बाया नवरा तोडीला गेल्यावर सासरी एकट्या असतात, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. त्यांच्यासाठी वेळ दुपारची तीन-साडेतीन ठेवावी लागेल, संध्याकाळी त्यांना चुलीपासून सुटता येत नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे हवा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 10 मार्च 2020 ला एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम बंद सभागृहात झाली. 61 जण होते, त्यातले 53 कोविडनं आजारी पडले (काही तपासणीनं सिद्ध, काही लक्षणांवरून), दोघं दगावले. गाताना तोंडातून बारीक थेंब बोलण्यापेक्षा जास्त उडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. आपल्याकडं टीबी आहे, म्हणून हा नियम कायमचा समजा: पार, शाळेची पडवी, लिंबाची सावली. दारं-खिडक्या बंद असलेलं समाजमंदिर थंडीतही नको. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी बेडका तपासणी, मग गाणं. हे आशाताईंनी घरी जाऊन, चारचौघांत न बोलता सांगावं. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की त्या माणसाला परत बोलवायला स्वतः जा, नाहीतर तो कायमचा बाहेर पडतो.

चक्कर आली, ओठांभोवती मुंग्या आल्या तर माणूस घाबरतो आणि ‘मला झेपत नाही’ म्हणून येणं सोडतो. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की त्यानं प्रत्येक ओळीला छाती गच्च भरून श्वास घेतला, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला. थांबा, दोन मिनिटं साधं बोला, मग नाकानं लहान श्वास घेऊन लांब सोडत पुन्हा सुरू करा. न थांबणारी चक्कर, छातीत दुखणं, एका बाजूचा हात जड होणं हे मात्र वेगळं, तिथं 108 ला फोन करायचा.

दमा आणि सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) असलेल्यांनी स्वतःचा पंप खिशात ठेवावा. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं काढलेल्या बायांमध्ये सीओपीडी पुष्कळ असतो आणि त्यांना तो ‘वयाचा दम’ वाटतो. फुप्फुसांच्या आजारात गाण्याचा उपयोग होतो का यावर अभ्यास झालेत, पण लहान आहेत. 2017 च्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यानंही पुरावा तोकडा असल्याचंच म्हटलंय. श्वास हळू सोडायची सवय म्हणून करा, पंपाच्या जागी नाही. मधुमेहवाल्यांची जेवणाची वेळ बैठकीमुळं टळू देऊ नका, गुळाचा खडा जवळ असावा. पोटभर जेवून लगेच गायलं तर आंबट वर येतं आणि घसा बसतो, दीड-दोन तास जाऊ द्या. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं.

मिशरी आणि तंबाखू आपल्याकडं गडी-बाया दोघांतही आहे. अशा माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर ‘भजनानं घसा बसला’ म्हणून सोडू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गाण्याचा गट असला की आवाजातला बदल शेजारच्याला आधी कळतो, हा त्याचा एक मोठा उपयोग आहे.

आणि चहाच्या वेळी कुणी ‘जगून काय करायचंय’ असं बोललं तर ते गप्पांत वाहून जाऊ देऊ नका. त्याच दिवशी ताईंना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दळण_कांडण

गाण्यांबद्दल माझं म्हणणं असं की अभंगापासून सुरुवातच करू नका, ओवीपासून करा. जात्यावरच्या ओवीची चाल तीन-चार, फार तर पाच सुरांत फिरते, ‘काळी_दोन’ यांची सा ते प ची अट ती मुळातच पाळते. ओळीची लांबी जात्याच्या फेऱ्यांनी ठरलेली, त्यात दमाची जागा आधीच आहे. पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरी सगळ्यांनी. साठीपुढच्या बायांना या ओव्या पाठ असतात, फक्त जाती गेल्यापासून म्हणायला जागा उरली नाही. मंडळात गप्प बसणारी आजी इथं शिकवणारी होते, आणि हे औषधासारखंच लागू पडतं.

सुरुवातीला बाया लाजतात, ‘आता कुठं आठवतंय’ म्हणतात. त्यांना गा म्हणू नका. हाताला काम द्या: शेंगा फोडायला, लसूण निवडायला, वाती वळायला. हात लयीत चालले की ओवी येते. गड्यांना त्या दिवशी दुसरी ओळ धरायला बसवा.

ओवी फक्त विठ्ठलाची असते हा गैरसमज आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायांकडून 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात तुमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, 1996 च्या ध्वनिमुद्रणातल्या. भाऊ, माहेर, पाऊस, लेक हे विषय तर सगळ्या घरांचे आहेत. तांड्यावरच्या लेंगी (बंजारा गाणी) होळीच्या दिवसांत गायल्या जातात, त्या गोल धरून, पाऊल टाकत. मुसलमान घरांतल्या बायांची ढोलकीवरची लग्नाची दखनी गाणी गावातल्या जुन्या बायांना कळतात, आपण 1948 पर्यंत निजामच्या राज्यात होतो. प्रत्येक बैठकीत एका वस्तीचं गाणं आणि ते त्याच वस्तीच्या बाईनं शिकवायचं, असा रिवाज पाडा. दुसऱ्यानं ‘त्यांचं’ गाणं म्हणून दाखवलं की ते प्रदर्शन होतं आणि ती घरं येत नाहीत.

जागा देवळाचा सभामंडप नसावा. देवाबद्दल हे बोलत नाही मी. महिन्याच्या चार दिवसांत काही जणी तिथं पायरी चढत नाहीत, काही घरं कधीच चढत नाहीत, आणि आठवड्याच्या उपक्रमात असा खंड पडला की माणूस तुटतं. जिल्हा परिषद शाळेची पडवी सगळ्यांची आहे.

टाळकरी_परभणी

बाकी सगळं पटलं, पण एका गोष्टीला विरोध आहे. लय चढणं, टाळ, पावली हे सगळं काढून टाकलं तर अंगात काही उतरत नाही. माणसं भजनाला येतात ती त्या चढत्या लयीसाठी. मिनिटाला सहा श्वास मोजत गायला कुणी दर आठवड्याला येणार नाही. दुसरं, मंडळाला बाजूला ठेवलं तर मंडळवाले पहिल्याच महिन्यात उपक्रम मोडतील. त्यांना मान द्या आणि काम द्या.

काळी_दोन

माऊली, मंडळाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पेटी, पखवाज, वीणा त्यांच्याकडंच राहू द्या, आणि चारही कोपऱ्यांत मंडळाचा एकेक माणूस बसवा, आवाजाला आधार म्हणून. चढत्या लयीचाही मान ठेवू. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक गजर चढवा, पण चढवायची ती लय, पट्टी नाही. गजराचा तुकडा चार-सहा अक्षरांचा असतो, त्यात श्वासाला जागा आपोआप मिळते, म्हणून तिथं लय 120-130 वर नेली तरी चालते. लांब ओळीचा अभंग त्या लयीत नेला तर दम लागतो. पावली ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी धरावी, बाकीच्यांनी बसून मांडीवर ताल द्यावा. गजरानंतर लगेच थांबू नका, एक संथ धृपद तीन-चार वेळा म्हणून मग चहा.

नोंदवही

मोजणीचं कुणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. डब्ल्यूएचओ-5 ही जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याची प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच प्रश्न: मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला 4 नं गुणलं की 100 पैकी आकडा मिळतो. 50 किंवा कमी आला तर त्या माणसाकडं उपकेंद्रानं वेगळं लक्ष द्यावं. एखाद्याचा आकडा 10 नं बदलला तर तो बदल दखल घेण्याजोगा मानतात. वाचता न येणाऱ्यांसमोर पाच चिंचोके ठेवा आणि जेवढं खरं वाटतं तेवढे उचलायला सांगा. एकही उचलला नाही तरी चालतं, हे आधी सांगायला विसरू नका. विचारणारी व्यक्ती दर वेळी तीच हवी, आणि ती गाणं चालवणारी नको, कारण गाणं शिकवणाऱ्याला माणसं बरं वाटेल असंच उत्तर देतात. घरची सून-नातवंडं ऐकत असताना विचारलं तरी उत्तर बदलतं.

तुमच्या गावात मोजणीतला मोठा धोका वेगळाच आहे. नोव्हेंबरात पहिली मोजणी आणि पाडव्यानंतर दुसरी केली तर आकडे चढणारच, कारण लेकरं-सुना घरी आलेली असतील. ते श्रेय गाण्याला देता येणार नाही. टोळ्या गेल्यावर आठवडाभरानं पहिली मोजणी करा आणि 14 आठवड्यांनी, म्हणजे फेब्रुवारी सरायच्या आसपास, टोळ्या परतायच्या आत शेवटची. मधे सातव्या आठवड्याला एक. जमलं तर शेजारच्या अशाच एखाद्या गावात त्याच तारखांना मोजा, तिथं गाणं पुढच्या मोसमात सुरू करा. दोन गावांतला फरक हाच तुमचा खरा आकडा. गळालेल्यांचीही नोंद ठेवा. जे येत राहिले त्यांचीच बेरीज केली तर निकाल खोटा चांगला दिसतो, कारण ज्यांना बरं वाटलं नाही तेच आधी गळतात.

हजेरी प्रत्येकाच्या नावानिशी, एकूण आकडा नाही. सलग दोन बैठका चुकल्या की तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी जायचं. बरेच आजार तिथंच सापडतील.

बालाघाट_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळवाल्यांशी आणि ताईंशी बोललो, शाळेची पडवी ठरवतोय, ओवीपासून सुरुवात. एकच अडचण राहिली. मंडळाचा पखवाज काळी चारला लागलेला आहे. काळी एकला उतरवला की शाई पडल्यासारखा भद्द वाजतो आणि वाद्या सैल पडतात. नवीन पखवाज घ्यायची ऐपत आत्ता नाही. पखवाजाशिवाय करावं का?

काळी_दोन

पखवाज उतरवू नका आणि सोडूही नका. सा काळी एकला धरला की त्याचा पंचम (प) बरोबर काळी चारवर येतो. म्हणजे तुमचा पखवाज आहे तसाच पंचमात बोलेल आणि तो गाण्याला छान लागतो. ओव्या आणि अभंग दोन्ही काळी एकलाच गा. काळी दोनला गायलात तर तोच पखवाज मध्यमात (म वर) जातो. ज्या चालीत मध्यम आहे तिथं चालून जाईल, पण भूप रागासारखी मध्यम वर्ज्य असलेली चाल असेल तर खटकेल, तेव्हा ती टाळा. धुमाच्या (डाव्या, खर्जाच्या) पुडीला कणीक नेहमीपेक्षा थोडी जास्त आणि सैल लावा, खर्ज भरदार होईल आणि हात हलका ठेवता येईल. थंडीच्या सकाळी कणीक लवकर कडक होते, ओला फडका जवळ ठेवा. बैठक झाली की कणीक लगेच खरवडून काढा, वाळली की पुडी ओढते आणि उंदीर लागतात.